गॉडरिचचे मीठ आणि आमची कोरोला

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही गॉडरिचला जाऊन आलो, असे मंडळाच्या दिवाळीला सांगितले तेव्हा समोरच्या मंडळींनी दोन प्रश्न विचारले. "हे कुठे आलं?" आणि "तिथे बघायला काय आहे?" पहिल्याचे उत्तर सोपे होते. टोरांटोहून पश्चिमेला दोनशेच्या वर थोडे किलोमीटर, लेक ह्युरॉनच्या काठावर. दुसऱ्याचे उत्तर "मीठ" असे दिल्यावर मंडळी हसली आणि बटाटेवड्याच्या रांगेकडे वळली. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा प्रवास खरे तर आमच्या मिसिसागाच्या ड्राइव्हवेवर सुरू झाला, गाडी जागची हललेली नसताना.

गाडी म्हणजे आमची २००५ सालची कोरोला. जन्माने अस्सल ऑन्टारिओची. चॅसी नंबरचा पहिला आकडा २ असला की ती गाडी कॅनडात बनलेली असते. आमची टोयोटाच्या केंब्रिजच्या कारखान्यातली. तिथे पहिली कोरोला १९८८ च्या अखेरीस तयार झाली आणि २०१९ पर्यंत होत राहिल्या. आमच्या गाडीने वीस हिवाळे काढले, कधी रस्त्यात दगा दिला नाही.

मे महिन्यात आप्पा पुण्याहून आले. सुपर व्हिसावर, म्हणजे राहण्याची घाई नाही. ज्यांच्याकडे आईवडील येऊन राहतात त्यांना पुढचे सांगायला नको. पहिले पंधरा दिवस नायगारा, देऊळ, भेटीगाठी. मग सोमवार उजाडतो. आम्ही दोघे कामावर, लेक तिच्या समर जॉबवर, आणि आप्पा खिडकीत. चालत जावे असे दुकान नाही, रस्त्यावर माणूस नाही. सौ.ने मराठी चॅनेल लावून दिले. आप्पा टीव्हीकडे पाठ करून खिडकीतच बसत. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे काढलेला माणूस. त्याला दिवसभर करायला काही नाही, ही शिक्षा आम्हालाही कळत होती, पण इलाज सुचत नव्हता.

जूनमधल्या एका रविवारी भाजी घेऊन येताना स्पीडब्रेकरवर गाडीच्या मागून 'खडक्' असा आवाज आला. आवाज नवा नव्हता. रेडिओ मोठा करून आम्ही हिवाळाभर त्यावर उपचार करत होतो. मागच्या सीटवरून आप्पा म्हणाले, "परत घे." गाडी वळवून त्याच स्पीडब्रेकरवरून तीनदा नेली. भाजीवाल्याच्या दारातली माणसे बघायला लागली. "बुश गेलाय," आप्पांनी निदान केले. "मागचा, डावा. उजवापण फार दिवसांचा सोबती नाही."

एका गॅरेजने गाडी वर उचलून तेच सांगितले. वर हेही सांगितले की बोल्ट आता निघायचे नाहीत, मागचा बीम आख्खा बदलावा लागेल, आणि त्याला जेवढे पैसे पडतील तेवढे तर गाडीला येणार नाहीत. भंगारात द्या. सल्ला व्यवहाराचाच होता. पण सप्टेंबरात लेक वॉटर्लूला युनिव्हर्सिटीत जायची होती, ही गाडी तिला द्यायची ठरली होती, आणि तिची फी भरल्यावर दुसरी गाडी घेण्याइतके हाताशी उरत नव्हते. सौ.ने निकाल दिला, "नीट झाली तर नेईल. नाहीतर पोरगी बसने जाईल. ४०१ वर ह्या अशा गाडीत मी तिला बसू देणार नाही."

बुश म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढच्या चार ओळी सोडून द्याव्यात. एका जाड लोखंडी नळीच्या आत दुसरी बारीक नळी, आणि दोन्हींच्या मध्ये घट्ट बसलेले रबर. आमच्या गाडीची मागची दोन चाके एका आडव्या बीमला जोडलेली आहेत. बीमच्या पुढच्या अंगाला दोन बाजूंना दोन डोळे, म्हणजे गोल भोके, आणि प्रत्येक डोळ्यात मुठीएवढा एक बुश ठोकून बसवलेला. त्यातून एक लांब बोल्ट जातो आणि बीम गाडीला धरून ठेवतो. खड्ड्याचा दणका रबर खाते. रबर फाटले की आधी आवाज येतो, आणि मग वळणावर गाडीचे मागचे अंग स्वतःच्या मताने चालू लागते.

आप्पांच्या वेळच्या एसटीला कमानपाटे होते. पाट्याच्या डोळ्यात बुश, बुशात पिन. खड्डे, धूळ आणि छपराला लागेल इतकी माणसे. बुश झिजायचा, पिन खुळखुळायला लागायची. जुना ठोकून काढायचा, नवा ठोकून बसवायचा. "अर्ध्या तासाचं काम आहे," ते म्हणाले. आम्हाला तीन शनिवार लागले.

पहिल्या शनिवारी गाडीचे मागचे अंग घोड्यांवर चढवले. आप्पा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुठ्ठा अंथरून खाली सरकले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग खालून आवाज आला, "ह्यात बोल्ट कुठला?" बोल्टचे डोके, वायसर, भोवतालचा पत्रा, सगळे मिळून एकच तपकिरी ढेकूळ झाले होते. वायर ब्रशने खपल्या काढल्या, गंज सोडवायचे तेल आदल्या तीन दिवसांपासून मारत होतोच, ते पुन्हा मारले. मग पाना, पान्याला चार फुटी पाइप, आणि पाइपाला आम्ही. डोके फिरले! पाव फेरा, अर्धा फेरा. "निघाला, निघाला" म्हणत पाइप सोडला, तर डोके सावकाश उलटे फिरून जिथल्या तिथे आले. हे तीनदा झाले. तेव्हा आप्पांच्या ध्यानात आले की बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटला आहे, नळी रबराला धरून आहे, आणि आम्ही बोल्ट काढत नसून रबर पिळत आहोत.

"आपल्याकडे बुश झिजून ढिला होतो," ते कपाळ पुसत म्हणाले. "इथं ह्यानं बोल्टाशी लग्न लावलंय."

ही सारी करणी मिठाची. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. बोल्ट आणि नळी यांच्यात फट असते केसाएवढी. तिच्यात खारे पाणी शिरते, गंज फुगतो आणि दोघांना असे आवळून धरतो की पाना हरतो. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते पाण्यातून वीज सहज वाहू देते, आणि गंजणे हा मुळात विजेचाच खेळ असल्याने तो पळायला लागतो. कडाक्याच्या थंडीत हा खेळ मंदावतो. खरा घात होतो तो शून्याच्या आसपास, रस्त्यावर राडा झालेला असतो तेव्हा. अशी बरबटलेली गाडी आपण मोठ्या मायेने उबदार गराजमध्ये नेऊन ठेवतो, म्हणजे गंजाला रात्रभर पाहुणचार.

"गॅस लाव," आप्पा म्हणाले. दापोडीला अशा वेळी गॅसची ज्योत मारून लोखंड लाल करीत आणि एका ठोक्यात मोकळे करीत. आम्ही त्यांना बीमच्या पुढे, अगदी जवळच असलेली पेट्रोलची टाकी दाखवली. आप्पांनी टाकीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि चहा मागितला. त्या दिवशीचे काम तिथेच संपले. ज्यांना हा उद्योग करायचा असेल त्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे, गाडीच्या त्या भागात ज्योत नको म्हणजे नकोच.

दुसऱ्या शनिवारी शेजारचे पोर्तुगीज आजोबा कुंपणावरून डोकावले. आठ वर्षांच्या शेजारात आमचा त्यांचा संबंध "गुड मॉर्निंग" आणि "कोल्ड टुडे" एवढाच. त्यांनी खाली वाकून बोल्ट पाहिला, हाताने करवतीची खूण केली आणि घरातून विजेवर मागेपुढे चालणारी करवत घेऊन आले. आप्पांना पोर्तुगीज येत नाही, आजोबांना मराठी, आणि इंग्रजी दोघांचेही बेताचे. पण पाना हवा असला की आजोबा "शाव्ह, शाव्ह" म्हणत. आप्पांचे बालपण शिरोड्याचे, गोव्याच्या वेशीवरचे. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ते ताडकन म्हणाले, "अरे, ही तर आपली चावी!" आणि खरोखरच तसे आहे. पोर्तुगिजांच्या भाषेत किल्लीही तीच आणि पानाही तोच. आपण त्यातली किल्ली तेवढी ठेवून घेतली. मग पाव, साबण, पगार, बटाटा असे शब्द एकमेकांना दाखवत दोघांनी बोल्ट कापले. बुश आणि त्याला धरणारा पत्रा यांच्या मधल्या बोटभर फटीत पाते घालून, दोन बोल्टांचे चार काप. सहा पाती तुटली. ब्रेकच्या होजला ताण पडू नये म्हणून ते तारेने वर बांधले, आणि बीमची पुढची टोके जॅकवर हळूहळू खाली उतरवली.

आता बुश. आणि इथे आप्पांनी जे केले ते आम्हाला सुचले नसते. बुशाच्या रबरात एका ठरावीक दिशेला पोकळ्या असतात. नवा बुश बसवताना त्या त्याच दिशेला यायला हव्यात, नाहीतर सारी मेहनत पाण्यात. जुन्याला हात लावण्याआधी त्यांनी पंचाने बीमवर त्याच्या खुणा केल्या. मग रबरात ड्रिलने भोके पाडून मधली नळी, तिच्यातल्या बोल्टच्या तुकड्यासकट, ठोकून बाहेर काढली. रबर पोखरून काढले. राहिली बाहेरची नळी, डोळ्याला आतून चिकटलेली. हॅक्सॉचे पाते भोकातून ओवून, ते पुन्हा फ्रेमला लावून, नळी आतून बाहेर कापत न्यायची. ती कापली गेली पाहिजे, पण डोळ्याला चरा पडता कामा नये. आप्पा दर पाच-सहा फेऱ्यांनी थांबत, बोट फिरवून बघत, पुन्हा चालवत. कापावर छिन्नी ठेवून नळीची कड आत दुमडली. तिसऱ्या ठोक्याला 'टण्' असा आवाज झाला आणि नळी सैल पडली. पोर्तुगीज आजोबांनी टाळी दिली. आप्पांनी घेतली. तोवर साडेसहा वाजले होते आणि अजून दुसरी बाजू तशीच होती.

तिसऱ्या शनिवारी उजवी बाजू दोन तासांत झाली. हात बसला होता. नवे बुश आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवले होते, म्हणजे किंचित आकसतात. सकाळी खवलेल्या नारळाच्या पिशवीखाली ते सापडल्यावर सौ. काय म्हणाली ते इथे छापण्याजोगे नाही. ते ठोकून बसवायला आप्पांची ना होती. ठोकले तर नवी नळी वाकडी जाते. त्यांनी जाड आट्यांचा एक रॉड, दोन नट, काही वायसर आणि पाइपाच्या तुकड्याच्या दोन वाट्या अशी जोडणी केली. एका अंगाने नट आवळत गेले की बुश मिलिमीटर मिलिमीटरने आत सरकतो. नव्या बोल्टांना तांब्याचे ग्रीस फासले. शेवटचे आवळणे मात्र गाडी चाकांवर उभी करून, तिचे पूर्ण वजन पडल्यावर. चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षाच्या आत फाटते. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे किती नवे बुश फुकट जात असतील!

त्या संध्याकाळी हात धुताना आप्पांनी विचारले, "इथं समुद्र नाही. मग हे एवढं मीठ आणता कुठून?"

शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथल्या मिठागरांवर. आप्पांनी ती मिठागरे लहानपणी पाहिलेली. भरतीचे पाणी वाफ्यात घ्यायचे, उन्हाने आटवायचे, पावसाच्या आत मीठ ओढून ढीग झाकायचे. ओंजळभर मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्या गावचा माणूस ते रस्त्यावर फेकलेले कसे सोसणार? कॅनडात रस्त्यांवर वर्षाला पन्नास लाख टनांच्या घरात मीठ पडते, हे सांगितल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "ते ठिकाण बघायचं."

म्हणून गॉडरिच. लेक वॉटर्लूहून कोरोला घेऊन घरी आली होती, तिच्यातच सगळे बसलो. ४०१ ने केंब्रिजपर्यंत जाऊन आठ नंबर हायवे धरला. केंब्रिज, किचनर, स्ट्रॅटफर्ड, सीफोर्थ, क्लिंटन आणि शेवटी गॉडरिच, ही सारी ह्या एकाच हायवेवरची गावे. गाडी जन्मली ते गाव आणि तिला खाणारे मीठ निघते ते गाव एकाच रस्त्यावर, हे वीस वर्षांत आमच्या कधी डोक्यात आले नव्हते. स्ट्रॅटफर्डला १९५३ पासून शेक्सपिअरचा नाट्यमहोत्सव भरतो. तिथे नदीकाठी डबा उघडला. हंस दशम्यांसाठी अगदी हाताशी आले. पुढे दोन्ही बाजूंना मका, सोयाबीन आणि लाल कोठारे. रंगलेले मेपल अधूनमधून. रेल्वेच्या रुळांवरून जाताना आप्पा मान किंचित कलती करून ऐकत. आवाज नाही.

गॉडरिच टुमदार गाव आहे. जॉन गॉल्ट आणि 'टायगर' डनलॉप ह्या कॅनडा कंपनीच्या माणसांनी ते १८२७ मध्ये वसवले. मधोमध कोर्ट, भोवती झाडे आणि दुकाने, आणि तिथून आठ रस्ते आठ दिशांना फुटतात. अशा अष्टकोनाला हे लोक 'स्क्वेअर' म्हणतात. जुना तुरुंगसुद्धा अष्टकोनी. चौकातली बरीच झाडे कोवळी दिसली, कारण २१ ऑगस्ट २०११ च्या रविवारी आलेल्या चक्रीवादळाने गावाची दशा केली होती. खाणीवर कामावर असलेला एक माणूस त्यात गेला.

गावातून उताराने बंदरावर गेलो. तिथे मिठाची खाण आहे, जमिनीखालच्या मिठाच्या खाणींत जगातली सर्वांत मोठी. १८६६ मध्ये इथे तेलासाठी भोक पाडत होते. तेल नाही, मीठ लागले. आजची खाण १९५९ मध्ये सुरू झाली. ती अठराशे फूट खोल आहे, म्हणजे सीएन टॉवर उलटा करून जमिनीत सोडला तर त्याचे टोक जवळजवळ तिथे टेकेल. तिथून ती तलावाच्या तळाखाली दूरवर पसरली आहे. मीठ काढताना मिठाचेच जाड खांब छताला आधार म्हणून ठेवत जातात. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि त्याचे मीठ गाडले गेले. "म्हणजे मिठागरच की," आप्पा म्हणाले. "फक्त झाकून ठेवलेलं." खाणीत आपल्यासारख्यांना उतरता येत नाही, ह्याचे त्यांना वाईट वाटले. एक लांबलचक जहाज धक्क्याला लागले होते. त्याच्या पोटात पट्ट्यावरून करडे-पांढरे मीठ पडत होते. आम्ही अर्धा तास उभे होतो, धार काही थांबली नाही.

लेक म्हणाली, "आजोबा, हे बंद करायला हवं. तळी, विहिरी खारट होतायत." खरे आहे. रस्त्यावरचे मीठ पर्यावरणाला घातक आहे, असे केंद्र सरकारच्या पाहणीने २००१ मध्येच म्हटले. सौ. म्हणाली, "जानेवारीत ४०१ वरून रात्री घरी येशील तेव्हा बोल." ह्यावर मायलेकींची जुंपली, ती मिटेपर्यंत आप्पा ट्रकच्या रस्त्याकडेने चालत गेले आणि सुपारीएवढा खडा घेऊन परत आले. जिभेला लावून बघितला. "खारट आहे," त्यांनी सांगितले आणि तो रुमालात बांधला. सौ.ने विचारले, "आप्पा, तो गाडीत ठेवणार आहात?" आप्पांनी रुमाल सोडला आणि खडा पाण्यात टाकून दिला.

संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो. गॉडरिचला सूर्यास्त दोनदा दिसतो म्हणतात. खाली वाळूवर एकदा बघायचा आणि मग धावत कड्यावर चढून पुन्हा. लेक धावली. आप्पा गाडीपाशी उभे होते, टायरला टेकून नव्हे, मागच्या चाकाशी वाकून. बोल्ट कोरडा होता. ग्रीस जागेवर होते.

आप्पा महिनाअखेर पुण्याला परतले. जाण्याआधी लेकीकडून त्यांनी गाडीला खालून ऑइल स्प्रे मारून घेतला आणि दर वर्षी हिवाळ्याच्या आधी मारायचे वचन घेतले. रविवारी व्हिडिओ कॉल आला की तब्येत नंतर, आधी, "आवाज येतो का?" पोर्तुगीज आजोबांना त्यांच्याकडून नमस्कार असतो, तो आम्ही कुंपणावरून पोचवतो, आणि करवतीची सहा पाती त्यांना नवी आणून दिली आहेत.

तो आट्यांचा रॉड, नट आणि दोन वाट्या आमच्या गराजमध्ये तेल लावून ठेवलेल्या आहेत. २००३ ते २००८ च्या कोरोला आपल्या मंडळींत अजून पुष्कळ फिरताना दिसतात. कुणाला लागल्या तर घेऊन जा, फक्त आधी फोन करा. वाट्यांवर आप्पांनी पंचाने डावी-उजवी कोरले आहे, ती अदलाबदल करू नका.